अनुदानाची मुदत आणि विमाहप्त्याचे गणित : अमेरिकेतील वैयक्तिक आरोग्यविमा

प्रस्तावना

३१ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील एका कायदेशीर तरतुदीची मुदत संपली. त्या दिवशी कोणताही नवा कर लागू झाला नाही, किंवा कोणत्या विमा कंपनीचा परवानाही रद्द झाला नाही. तरीही १ जानेवारी २०२६ पासून स्वतःच्या खर्चाने आरोग्यविमा घेणाऱ्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या घरखर्चाचा हिशेब बदलला. २०२१ पासून विमाहप्त्यावर मिळत असलेले वाढीव शासकीय अनुदान पुढे चालू ठेवण्याचा निर्णय अमेरिकन संसदेने, म्हणजे काँग्रेसने, घेतला नाही आणि २०१० च्या मूळ कायद्यातील जुनी सूत्रे आपोआप पुन्हा लागू झाली.

‘अनुदान संपले म्हणून विमा महागला’ असे या घटनेचे वर्णन सर्वत्र केले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. विम्याला दोन किंमती असतात. कंपनी आकारते ती एक आणि विमाधारकाच्या खिशातून प्रत्यक्ष जाते ती दुसरी. अनुदान या दोहोंमधील अंतर भरून काढते. अनुदान कमी झाले की दुसरी किंमत वाढणार हे उघड आहे. पण पहिली किंमतही त्यामुळे वाढते का, आणि वाढल्यास तिचा भार कोणावर पडतो, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन प्रत्यक्ष सूत्रे व उदाहरणे यांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

वैयक्तिक विमा घेतो कोण ?

अमेरिकेत आरोग्यविम्याची एकच सार्वत्रिक व्यवस्था नाही. निम्म्याच्या आसपास लोकांना नोकरीच्या ठिकाणी मालकामार्फत विमा मिळतो. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ व अल्प उत्पन्न गटासाठी ‘मेडिकेड’ या शासकीय योजना आहेत. या तिन्ही छत्रांबाहेर जो वर्ग उरतो त्याला विमा बाजारातून स्वतः विकत घ्यावा लागतो. लहान दुकानदार, शेतकरी, स्वतंत्र कारागीर, टॅक्सीचालक, साठीच्या आत निवृत्त झालेले नोकरदार असा हा वर्ग आहे. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांसारखे, तेथील महाविद्यालयांत विषयागणिक मानधनावर शिकवणारे अनेक प्राध्यापकही याच वर्गात मोडतात.

२०१४ पूर्वी या बाजारातील बहुतेक राज्यांत कंपनीला अर्जदाराची प्रकृती तपासून विमा नाकारण्याची मुभा होती. मधुमेह, हृदयविकार किंवा पूर्वी झालेला कर्करोग असणाऱ्यास विमा मिळणेच दुरापास्त असे. बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ने ही मुभा काढून घेतली. कंपनीने प्रत्येक अर्जदारास विमा द्यावा, आजारामुळे जादा हप्ता आकारू नये आणि वयामुळे करावयाचा फरकही प्रौढांमध्ये तिपटीपलीकडे जाऊ नये, असे बंधन आले.

हे बंधन न्याय्य असले तरी त्यातून एक आर्थिक पेच निर्माण होतो. आजारी पडल्यावरही विमा मिळणारच असेल, तर निरोगी माणूस आज हप्ता का भरील ? या पेचावर कायद्याने दोन उपाय योजले होते. विमा न घेणाऱ्यास दंड हा पहिला आणि हप्त्यासाठी अनुदान हा दुसरा. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने या दंडाची रक्कम २०१९ पासून शून्य केली. काही मोजक्या राज्यांनी स्वतःचा दंड लावला हे खरे. परंतु देशपातळीवर निरोगी माणसाला बाजारात थांबवून ठेवण्याचे काम तेव्हापासून एकट्या अनुदानावर येऊन पडले. २०२५ अखेरीस जे घडले त्याचे गांभीर्य समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे.

अनुदानाचे सूत्र

हे अनुदान करसवलतीच्या स्वरूपात असते. वर्षाअखेरीपर्यंत वाट न पाहता ते दरमहा थेट विमा कंपनीकडे जमा करता येते. त्याची रक्कम ठरवण्याची पद्धत मात्र थोडी वेगळी आहे. प्रथम कुटुंबाचे उत्पन्न शासकीय दारिद्र्यरेषेच्या किती टक्के आहे हे पाहिले जाते. त्यानुसार त्या कुटुंबाने उत्पन्नाचा किती हिस्सा विम्यावर खर्च करणे अपेक्षित आहे हे कायद्यातील तक्ता सांगतो. त्या भागातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त ‘सिल्व्हर’ योजनेचा हप्ता आधारभूत मानला जातो. हा आधारभूत हप्ता वजा कुटुंबाचा अपेक्षित हिस्सा, म्हणजे अनुदान.

मूळ कायद्यानुसार दारिद्र्यरेषेच्या १०० ते ४०० टक्के उत्पन्न असणाऱ्यांनाच अनुदान मिळत असे. करोनाकाळात, ११ मार्च २०२१ रोजी जो बायडेन यांच्या स्वाक्षरीने संमत झालेल्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ने दोन वर्षांसाठी या तक्त्यातील सर्व टक्केवारी खाली आणली आणि ४०० टक्क्यांची वरची मर्यादा उठवली. ऑगस्ट २०२२ मधील ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ने हीच तरतूद २०२५ अखेरपर्यंत वाढवली. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. २०२५ अखेरीस संपले ते हे वाढीव अनुदान. मूळ अनुदानाला मुदत नाही व ते आजही चालू आहे.

२०२६ च्या विम्यासाठी एका व्यक्तीची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर वार्षिक उत्पन्न अशी धरली जाते. वाढीव तक्त्यात या रेषेच्या दीडपट, म्हणजे २३,४७५ डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्याचा अपेक्षित हिस्सा शून्य होता. मूळ तक्ता लागू झाल्यावर दीडपटीच्या टोकाला तो ४.१९ टक्के झाला. म्हणजे ज्याला आधारभूत योजना पूर्णतः मोफत पडत होती, त्याला आता वर्षाला सुमारे ९८४ डॉलर भरावे लागतात. दुप्पट उत्पन्नावर, म्हणजे ३१,३०० डॉलरवर, हिस्सा २ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर गेला. ६२६ डॉलरचे २,०६६ डॉलर झाले. चौपट उत्पन्नाच्या, म्हणजे ६२,६०० डॉलरच्या काठावर तो ८.५ वरून ९.९६ टक्के झाला. ५,३२१ डॉलरचे ६,२३५.

टक्केवारीच्या भाषेत सर्वाधिक वाढ खालच्या उत्पन्न गटात आहे, हे या आकड्यांवरून दिसते. शून्यावरून काही शेकड्यांवर जाणे ही तर टक्केवारीत मांडताच न येणारी वाढ होय. रकमेच्या भाषेत मात्र सर्वांत मोठा आघात याहून वेगळ्या ठिकाणी झाला.

चारशे टक्क्यांचा कडा

मूळ तक्त्यात दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर अनुदान एकदम तुटते. उतार संपून जसा कडा लागावा तसा हा प्रकार आहे. अभ्यासक त्याला ‘अनुदानाचा कडा’ म्हणूनच ओळखतात. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत हा कडा नव्हता. उत्पन्न कितीही असले तरी आधारभूत योजनेसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम द्यावी लागत नसे. उच्च उत्पन्नाच्या माणसाचे ८.५ टक्केच हप्त्याहून जास्त होत, त्यामुळे त्याचे अनुदान आपोआप शून्य होई. मर्यादा न घालताही मर्यादा पाळली जात होती, हे या रचनेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

साठी ओलांडलेल्या, पण मेडिकेअरचे वय न झालेल्या एका दांपत्याचे उदाहरण घेऊ. दोघांच्या कुटुंबाची चौपट मर्यादा ८४,६०० डॉलर आहे. या वयात हप्ता तरुणांच्या जवळजवळ तिप्पट असतो. दोघांचा मिळून आधारभूत हप्ता महिना २,४०० डॉलर, म्हणजे वर्षाला २८,८०० डॉलर आहे असे गृहीत धरू. उत्पन्न नेमके ८४,६०० डॉलर असल्यास त्यांचा हिस्सा ९.९६ टक्के, म्हणजे ८,४२६ डॉलर होतो आणि उरलेले वीस हजारांहून अधिक डॉलर शासन देते. उत्पन्न ८५,००० डॉलर झाले, म्हणजे केवळ ४०० डॉलरने वाढले, तर शासन काहीच देत नाही. संपूर्ण २८,८०० डॉलर त्यांनाच भरावे लागतात. ही रक्कम त्यांच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. वाढीव अनुदानाच्या नियमाने याच दांपत्याला ७,२२५ डॉलर पुरले असते.

या ठिकाणी अधिक कमावण्यापेक्षा कमी कमावणे फायद्याचे ठरते. म्हणून असे कुटुंब एखादे काम नाकारते, निवृत्तीवेतनाच्या खात्यातून रक्कम काढणे पुढच्या वर्षावर ढकलते किंवा जमिनीचा तुकडा विकण्याचे लांबवते. चांगल्या पावसाचे वर्ष एखाद्या शेतकऱ्याला विम्याच्या दृष्टीने वाईट वर्ष ठरू शकते. कररचनेचे अध्यापन करताना ‘सीमांत कराचा दर शंभर टक्क्यांहून अधिक’ ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील अतिशयोक्ती वाटते. येथे ४०० डॉलरच्या मिळकतीवर वीस हजारांहून अधिक डॉलरचा भुर्दंड पडतो.

त्यात २०२६ पासून आणखी एका बदलाची भर पडली. अनुदान हे वर्षारंभी अंदाजित उत्पन्नावर दिले जाते व वर्षानंतर प्रत्यक्ष उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते. अंदाज चुकून अनुदान जास्त घेतले गेले असेल, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाकडून होणाऱ्या वसुलीवर पूर्वी कमाल मर्यादा होती. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या अर्थविषयक कायद्याने २०२६ च्या करवर्षापासून ही मर्यादा काढून टाकली. ज्यांचे उत्पन्न दरमहा निश्चित असते त्यांना हा बदल फारसा जाणवणार नाही. परंतु वैयक्तिक विमाबाजारातील बहुसंख्य लोक अनिश्चित उत्पन्नाचेच आहेत. म्हणून तर ते या बाजारात आहेत.

मूळ हप्ता का वाढतो ?

आता कंपनी आकारते त्या किंमतीकडे वळू. अनुदानाचा आणि या किंमतीचा सकृद्दर्शनी संबंध नसावा. कारण रुग्णालयाचे बिल शासन देवो वा रुग्ण, उपचाराचा खर्च तोच राहतो. परंतु विमा ही इतर वस्तूंसारखी वस्तू नाही. तिचा उत्पादनखर्च ती कोण विकत घेतो यावर ठरतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मधील जुन्या मोटारींच्या बाजारावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच मुद्दा वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या उदाहरणाने मांडला होता. हप्ता वाढला की ज्यांना विम्याची गरज कमी आहे ते प्रथम बाहेर पडतात. मागे उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो. त्यामुळे हप्ता पुन्हा वाढतो. विमाशास्त्रात यास ‘प्रतिकूल निवड’ असे म्हणतात.

वाढीव अनुदान गेल्यावर मधुमेही विमाधारक काटकसर करून हप्ता भरतो. सत्तावीस वर्षांचा निरोगी तरुण मात्र विमा सोडून देतो. विमा कंपन्यांना हे ठाऊक असते आणि २०२६ चे दर त्यांना २०२५ च्या मध्यावरच नियामकांकडे सादर करावे लागले होते. त्या वेळी काँग्रेस काय करील हे कोणालाच सांगता येत नव्हते. अनेक कंपन्यांनी अनुदान संपणार असे धरून दर लावले आणि त्यापोटी सुमारे चार टक्के वाढ आकारल्याचे आपल्या अर्जात नमूद केले. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाजही याच्या जवळपास, म्हणजे २०२६ साठी ४.३ टक्के व त्यानंतर साडेसात ते आठ टक्क्यांच्या घरात होता.

आधारभूत हप्त्यातील एकंदर वाढ मात्र याहून कितीतरी मोठी, केएफएफ या आरोग्यधोरण संशोधन संस्थेच्या विश्लेषणानुसार सरासरी २६ टक्के होती. त्यामागे रुग्णालयांचे वाढते दर, वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांसारखी महागडी औषधे अशी इतर कारणे होती. अनुदान संपल्यामुळेच सगळा हप्ता वाढला असे म्हणणे म्हणून योग्य होणार नाही. मात्र याच संस्थेने असेही अनुमान काढले होते की, अनुदानित विमाधारक त्याच योजनेत राहिला तर त्याच्या खिशातून जाणारी सरासरी वार्षिक रक्कम ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर, म्हणजे ११४ टक्क्यांनी वाढेल. २६ आणि ११४ हे दोन्ही आकडे वृत्तपत्रांत एकाच वेळी झळकले आणि वाचकांचा गोंधळ झाला. पहिला आकडा कंपनीच्या किंमतीचा आहे व दुसरा विमाधारकाच्या खर्चाचा.

या दोन किंमतींतील नाते चारशे टक्क्यांच्या खाली व वर पूर्णतः भिन्न आहे. समजा, ३१,३०० डॉलर उत्पन्नाच्या व्यक्तीसाठी आधारभूत हप्ता वर्षाला ७,२०० डॉलर आहे. तिचा हिस्सा २,०६६, शासनाचा ५,१३४. कंपनीने हप्ता २० टक्क्यांनी वाढवून ८,६४० केला, तरी तिचा हिस्सा २,०६६ च राहतो. वाढीव १,४४० डॉलर शासनाच्या तिजोरीतून जातात. गंमत अशी की, याच व्यक्तीने ५,४०० डॉलरची स्वस्त ‘ब्रॉन्झ’ योजना घेतली तर दरवाढीपूर्वी तिला २६६ डॉलर भरावे लागले असते. सर्व हप्ते २० टक्क्यांनी वाढल्यावर ब्रॉन्झ ६,४८० ची झाली आणि अनुदान ६,५७४ चे. म्हणजे दर वाढल्यामुळे तिला ही योजना फुकट मिळते ! याउलट चारशे टक्क्यांच्या वर असलेल्याला दरवाढीचा प्रत्येक डॉलर स्वतः द्यावा लागतो. प्रतिकूल निवडीचे चक्र संपूर्ण बाजार गिळत नाही, कारण खालच्या थरातील अनुदान त्याला बांध घालते. पण बांधाबाहेरच्यांना त्याचा पूर्ण वेढा पडतो.

स्वस्त योजनेची किंमत

हप्ता वाढला की सर्वच विमा सोडत नाहीत. अनेकजण कमी हप्त्याच्या योजनेकडे वळतात. या स्थलांतराकडे चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही. ब्रॉन्झ योजना उपचारखर्चाचा सरासरी ६० टक्के भाग उचलते, तर सिल्व्हर ७० टक्के. परंतु दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना सिल्व्हर योजनेतच, आणि केवळ सिल्व्हरमध्येच, आणखी एक लाभ मिळतो. त्यांचा स्वतः भरावयाचा प्रारंभिक खर्च कमी केला जातो. दीडपटीपर्यंत या योजनेचे मूल्य ९४ टक्के, तर दुपटीपर्यंत ८७ टक्के होते.

वरील उदाहरणातील व्यक्तीने ‘फुकट’ ब्रॉन्झ निवडली तर तिने हप्त्याचे २,०६६ डॉलर वाचवले खरे. पण ८७ टक्क्यांचे संरक्षण सोडून ६० टक्क्यांचे घेतले. वर्षभर प्रकृती ठीक राहिली तर हा व्यवहार किफायतशीर ठरतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर काही हजार डॉलर स्वतः भरल्यानंतरच विमा सुरू होतो. विमाधारकांची संख्या मोजणाऱ्या आकडेवारीत ही व्यक्ती ‘विमा असलेली’ म्हणूनच नोंदली जाईल.

शून्य आणि एक यांमधील अंतर

हप्त्यात थोडी वाढ झाली तर किती लोक विमा सोडतात, यावर मॅसॅच्युसेट्स राज्यातील एक अभ्यास उद्बोधक आहे. एमी फिंकलस्टीन, नॅथॅनियल हेंड्रेन व मार्क शेपर्ड यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. अल्प उत्पन्न गटात मासिक हप्ता ४० डॉलरने वाढला की विमा घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. ज्याचे बजेट आधीच ताणलेले आहे त्याला विमा ही उद्याची गरज वाटते, घरभाडे आजची.

त्याशिवाय शून्य हप्ता व नाममात्र हप्ता यांत गुणात्मक फरक आहे. शून्य हप्त्याच्या विम्यासाठी बँकखाते, कार्ड, देयकाची तारीख यांपैकी काहीच लागत नाही; तो आपोआप नव्या वर्षात जातो. पाच डॉलरचा हप्ता असला तरी दरमहा एक कृती करावी लागते आणि पत्ते बदलणाऱ्या, हंगामी काम करणाऱ्या माणसाकडून ती राहून जाते.

महाराष्ट्रातील वाचकास येथे एक रुपयातील पीकविम्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा राज्य शासनाने भरला. शेतकऱ्याने केवळ एक रुपया द्यावयाचा होता. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद होऊन खरीप पिकांसाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के व नगदी पिकांसाठी ५ टक्के हा हिस्सा पुन्हा लागू झाला. दरम्यान बनावट अर्जांची प्रकरणेही उघडकीस आली होती. विम्याची वस्तू वेगळी असली तरी हप्ता जवळजवळ शून्य केल्याने व्याप्ती वाढते, सोबत गैरप्रकारही वाढतात आणि सवलत काढून घेताना दोहोंचा बंदोबस्त एकाच झटक्यात होतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आक्षेप आणि त्यांचे मूल्यमापन

वाढीव अनुदान थांबवावे असे म्हणणाऱ्यांची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. ते कायम करावयाचे तर २०२६ ते २०३५ या काळात शासनाची वित्तीय तूट सुमारे ३५० अब्ज डॉलरने वाढेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. त्याच अंदाजानुसार २०३५ मध्ये त्यामुळे विमाधारकांची संख्या सुमारे ३८ लाखांनी अधिक राहिली असती. इतक्या खर्चात इतकीच भर का, या प्रश्नाचे उत्तर असे की, अनुदानाचा मोठा भाग अशा लोकांना जातो ज्यांनी ते नसतानाही विमा घेतलाच असता. त्यांच्या दृष्टीने तो विमाविस्तार नसून उत्पन्नाला दिलेला आधार आहे. त्याचे समर्थन करता येते, पण वेगळ्या निकषावर करावे लागते.

गैरप्रकाराचा आक्षेपही वस्तुस्थितीला धरून आहे. काही दलालांनी लोकांच्या नकळत त्यांची नावे शून्य हप्त्याच्या योजनांत नोंदवली आणि कमिशन मिळवले. शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने चाचणीसाठी केलेले बनावट अर्ज बहुतांशी मंजूर झाले, असे डिसेंबर २०२५ मधील त्याच्या अहवालात नमूद आहे. मात्र दलालांच्या लबाडीवर उपाय म्हणून प्रामाणिक विमाधारकाचा हप्ता वाढवणे हा तर्क पटण्याजोगा वाटत नाही. ओळख-पडताळणी कडक करणे आणि अनुदानाचा तक्ता बदलणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

‘ही करोनाकाळातील तात्पुरती मदत होती’ या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते अर्धेच. तात्पुरतेपणामागे साथीइतकेच अर्थसंकल्पीय हिशेबही होते. मुदत कमी ठेवली की विधेयकाचा खर्च कागदावर कमी दिसतो. परिणामी, ज्या योजनेवर कुटुंबे आपला वर्षभराचा हिशेब बांधतात तिचे आयुष्य मात्र निवडणुकीच्या वेळापत्रकाला बांधले जाते.

भूगोल आणि राजकारण

२०२० मध्ये या विमाबाजारात १ कोटी १४ लाख लोकांनी नोंदणी केली होती. २०२५ मध्ये ती सुमारे २ कोटी ४३ लाखांवर गेली. ही वाढ सर्वत्र सारखी नव्हती. मेडिकेडचा विस्तार न करणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत ती सर्वाधिक झाली, कारण तेथे दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेल्या लोकांना दुसरा आधारच नाही. २०२५ मध्ये एकट्या फ्लोरिडात सुमारे ४७ लाख व टेक्सासमध्ये सुमारे ४० लाख नोंदणी होती. दोन्ही राज्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रभावाखालील आहेत. ज्या पक्षाने मुदतवाढीस विरोध केला त्याच्याच मतदारसंघांत हप्त्याची झळ अधिक बसली.

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकन शासनाचे कामकाज ठप्प झाले, ते प्रामुख्याने याच प्रश्नावर. ११ डिसेंबर रोजी तीन वर्षांच्या मुदतवाढीच्या बाजूने सिनेटमध्ये ५१ व विरोधात ४८ मते पडली; परंतु आवश्यक ६० मते नसल्याने प्रस्ताव अडला. ८ जानेवारी २०२६ रोजी प्रतिनिधिगृहाने काही रिपब्लिकन सदस्यांच्या पाठिंब्याने मुदतवाढीचे विधेयक २३० विरुद्ध १९६ मतांनी संमत केले. तोपर्यंत नवे दर लागू होऊन आठवडा उलटला होता.

काही राज्यांनी आपल्या तिजोरीतून पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. न्यू मेक्सिकोने आपल्या स्वतंत्र निधीतून संपूर्ण भरपाईची व्यवस्था केली. कॅलिफोर्नियाने १९ कोटी डॉलरची तरतूद केली, परंतु ती दारिद्र्यरेषेच्या १६५ टक्क्यांपर्यंतच पुरणारी होती. समान उत्पन्नाच्या दोन कुटुंबांना केवळ राज्याची सीमा ओलांडल्याने वेगळा हप्ता, ही अवस्था त्यामुळे पुन्हा निर्माण झाली.

स्थलांतरित कुटुंबांचा प्रश्न

अमेरिकेतील मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांना नोकरीतून विमा मिळतो. त्यामुळे हा विषय त्यांचा नाही असा समज आहे. परंतु मुलामुलींनी ग्रीनकार्डावर बोलावून घेतलेल्या वृद्ध आईवडिलांना तेथे सलग पाच वर्षे वास्तव्य होईपर्यंत सर्वसाधारणपणे मेडिकेअर विकत घेता येत नाही. वय ६५ पेक्षा जास्त, पूर्वीचे आजार आणि तेथील नोकरीचा इतिहास नाही, अशा स्थितीत वैयक्तिक विमाबाजार हाच त्यांचा मार्ग राहतो. या वयाला हप्त्याचा कमाल दर लागतो. आईवडील मुलाच्या करपत्रात अवलंबित म्हणून दाखवले असतील, तर अनुदानासाठी मुलाचे उत्पन्न विचारात घेतले जाते आणि ते बहुधा चारशे टक्क्यांच्या वरच असते. २०२५ पर्यंत ८.५ टक्क्यांच्या नियमामुळे अशा घरांना काही प्रमाणात दिलासा मिळू शकत होता. २०२६ पासून तो उरला नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांची स्थिती याहून कठीण होणार आहे. जुलै २०२५ च्या कायद्यानुसार २०२७ पासून ग्रीनकार्डधारक व इतर काही मोजके गट वगळता एच-१बी सारख्या व्हिसाधारकांना हे अनुदान मिळणारच नाही. नोकरी सुटून नवीन नोकरी मिळेपर्यंतच्या काळात, किंवा विम्याची सोय न देणाऱ्या लहान कंपनीत काम करताना, ही बाब महत्त्वाची ठरते.

नोंदणी आणि प्रत्यक्ष विमा

२०२६ साठी सुमारे २ कोटी ३० लाख लोकांनी नोंदणी केली. आदल्या वर्षाच्या तुलनेत दहा लाखांहून अधिक घट झाली, तरी वर्तवलेल्या भीतीच्या मानाने ती सौम्य वाटते. परंतु या आकड्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. नोंदणी म्हणजे योजनेची निवड. पहिला हप्ता भरल्यावर विमा सुरू होतो. आपोआप नूतनीकरण झालेल्यांनाही नोंदणीत मोजले जाते, मग जानेवारीचे देयक पाहून त्यांनी विमा सोडला असला तरी. शिवाय अनुदान घेणाऱ्या विमाधारकाने हप्ता थकवल्यास तीन महिन्यांची सवलतीची मुदत असते. पहिल्या महिन्याचे दावे कंपनी देते, नंतरच्या दोन महिन्यांचे रोखून धरू शकते. त्यामुळे जानेवारीत थकलेला विमाधारक कागदोपत्री मार्चअखेरपर्यंत विमाधारकच राहतो. दरम्यान त्याने घेतलेल्या उपचाराचे बिल मागाहून त्याच्या किंवा रुग्णालयाच्या माथी पडते. आणि ज्यांनी हप्ता भरला, पण वर्षभरात ज्यांचे उत्पन्न चौपटीची रेषा ओलांडून गेले, त्यांचा हिशेब २०२७ मध्ये करपत्र भरताना होईल. तोपर्यंत त्यांनी घेतलेले अनुदान कर्जासारखेच आहे, आणि ते परत करावे लागेल की नाही हे त्यांपैकी अनेकांना २०२६ संपेपर्यंत ठाऊक नसेल.